फटफटीची वीज

मोटरसायकलीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या इंजिनाचाच इतिहास लिहितात. किती घोड्यांची शक्ति, तासाला किती मैलांचा वेग, कोणत्या सालीं कोणती शर्यत कोणीं जिंकली, हें सारें तपशीलवार नोंदलेलें आढळतें. परंतु त्याच यंत्राच्या पोटांतून जाणाऱ्या दहा-वीस तारांची वाट कोणीं आंखली आणि कां आंखली, हें विचारावयाचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि तरीहि जुनी गाडी भर रस्त्यांत थांबते, तेव्हां इंजिन शाबूत असून एखादी तारच झिजलेली आहे, असा अनुभव प्रत्येक मिस्त्री सांगेल. जुन्या मोटरसायकलीचें वायरिंग काढून नवें घालावें, तींत एकाऐवजीं चार-सहा फ्यूज असलेली पेटी बसवावी, हें काम अलीकडे गांवोगांवचीं गॅरेजें करूं लागलीं आहेत. त्या कामाची पाळी कां आली, हें समजण्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

१८८५ सालीं जर्मनींत कान्स्टाट येथें गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर इंजिन चढवून जी दुचाकी तयार केली, तिच्यावर ठिणगीसाठीं एकहि तार नव्हती. सिलिंडरांतील पेट्रोलची वाफ पेटविण्यासाठीं त्यांनीं बाहेरून ज्योतीनें लाल तापविलेली एक लहानशी नळी वापरली होती. तिचें तोंड सिलिंडरांत उघडे. दाबलेलें मिश्रण तींत शिरलें कीं तप्त धातूला लागून पेट घेई. स्वाराच्या बैठकीखालीं जळती ज्योत, शेजारीं पेट्रोल आणि भोंवतीं लांकडाचा सांगाडा, असा हा थाट होता. प्रारंभींच्या एका फेरींत बैठकीनेंच पेट घेतल्याची हकीकत सांगतात, आणि ती खोटी मानण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. पुढें १८९४ सालीं म्यूनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनीं विक्रीसाठीं म्हणून ज्या दुचाक्या काढल्या, त्यांतहि हीच तप्त नळी होती.

विजेचा प्रवेश झाला तो फ्रान्सच्या वाटेनें. द दियाँ-बूताँ यांच्या १८९५ च्या लहान इंजिनांत बॅटरीचा प्रवाह तारेच्या वेटोळ्यांतून नेऊन, ठरल्या क्षणीं तो तोडून, ठिणगी पाडण्याची युक्ति होती. ज्योतीची लहर सांभाळण्याचें कारण उरलें नाहीं आणि इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला दीड हजारांच्या घरांत गेल्या. मात्र त्या काळच्या बॅटऱ्या लवकर संपत, आणि संपली कीं स्वाराला गाडी ढकलीत न्यावी लागे. या अडचणीवर मॅग्नेटो हा उपाय निघाला. इंजिनाबरोबरच फिरणारें वेटोळें आणि त्याच्या दोन्ही अंगांस कायमचा लोहचुंबक, एवढ्यावर तो वीज निर्माण करी. त्यास बॅटरी लागत नसे. १८९७ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यानें फ्रेडरिक सिम्स यांच्या मागणीवरून द दियाँच्या एका तीनचाकीवर असा मॅग्नेटो बसविला, आणि १९०२ सालीं त्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. ब्रिटिश कारखाने या जर्मन यंत्रावर इतके विसंबून राहिले कीं, १९१४ सालीं युद्ध सुरू होतांच विमानें आणि लष्करी गाड्या यांसाठीं मॅग्नेटो कोठून आणावयाचे, हा ब्रिटनपुढें मोठाच पेंच पडला, आणि तो उद्योग त्यांना घाईघाईनें घरींच उभा करावा लागला.

मॅग्नेटोच्या काळांतील मोटरसायकल ही विजेच्या बाबतींत फार साधी होती. ठिणगीची एक जाड तार आणि इंजिन बंद करण्याची एक बारीक तार, एवढाच तिचा संसार. दिवा कार्बाइडचा असे. वरच्या भांड्यांतून खालच्या कार्बाइडवर पाणी थेंबथेंब पडे, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे, आणि तो रबरी नळीनें दिव्यांत जाऊन शुभ्र प्रकाशानें जळे. भोंगा रबरी फुग्याचा. फ्यूज कोठें बसवावा, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

विजेचा दिवा आला तो अमेरिकेंत आधीं. इंडियन या नांवाच्या मोटरसायकली करणाऱ्या हेंडी कंपनीनें १९१४ सालीं बटण दाबून सुरू होणारी गाडी काढली. परंतु त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाहीं आणि ती लवकरच मागें घ्यावी लागली. हार्ले-डेव्हिडसननें १९१५ सालीं केवळ दिव्यापुरती वीज दिली, आणि ती टिकली. ब्रिटनमध्यें हें काम बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस यांच्या कंपनीकडे गेलें. सायकलींच्या तेलाच्या दिव्यांवर नांव मिळविलेल्या या घराण्यानें मॅग्नेटोच्या पाठीवर डायनमो बसवून ‘मॅगडायनो’ नांवाचें जोडयंत्र काढलें. एक भाग ठिणगी देई, दुसरा ६ व्होल्टची बॅटरी भरी. पुढें डायनमो मोठा होत गेला, तरी त्याची मजल ६० वॉटच्या आसपासच राहिली. आजच्या एका साध्या बल्बाइतकी ती शक्ति होय.

या गाड्यांत बहुधा फ्यूज नसे. आजच्या वाचकास हा निष्काळजीपणा वाटेल. परंतु त्यामागें एक हिशेब होता. ठिणगी मॅग्नेटोची आणि दिवे बॅटरीचे, असे दोन स्वतंत्र संसार एकाच गाडीवर नांदत होते. दिव्याची तार घांसून लोखंडी सांगाड्यास टेकली, तर ती तापे, जळे, धूर काढी, आणि दिवा विझे. पण इंजिन चालूच राही. स्वार अंधारांत चांचपडत का होईना, घरीं पोंचे. तार जळण्याची भीति मात्र खरी होती. प्रत्येक दिव्याला एकच तार नेऊन परतीचा मार्ग म्हणून गाडीच्या सांगाड्याचाच उपयोग करण्याची रीत सर्वत्र पडली होती. तिनें तांबें निम्मे वांचलें खरें. परंतु गाडीचा प्रत्येक लोखंडी भाग हा तारेचा शत्रु झाला.

तारेचें आवरण त्या काळीं रबराचें असे आणि त्यावर सुती धाग्याची वीण. तेल आणि उष्णता यांच्या सहवासांत रबर कांहीं वर्षांत कडक होऊन तडकतें. १९४२ सालीं मलाया जपान्यांच्या हातीं पडला आणि दोस्त राष्ट्रांचें रबर तुटलें; तेव्हां अमेरिकेंत १९२६ सालीं वॉल्डो सेमन यांनीं मऊ करून दाखविलेल्या पीव्हीसी या कृत्रिम पदार्थाकडे तारा करणाऱ्यांचें लक्ष वेगानें वळलें. युद्धानंतर गाड्यांत तोच रूढ झाला. तोहि अमर नाहीं. त्यास मऊ ठेवणारें द्रव्य वर्षानुवर्षें उडून जातें आणि पन्नास वर्षांच्या गाडीची तार वांकवितांच तिचें कवच काडीसारखें मोडतें. बाहेरून अखंड दिसणारें जुनें वायरिंग हातांत घेतल्याबरोबर ढासळतें, त्याचें कारण हें.

आतां फ्यूजकडे वळावें. त्याचा जन्म वाहनांत झालेला नाहीं. १८४७ सालीं फ्रान्समध्यें लुई ब्रेगे यांनीं तारघरांवर वीज कोसळून यंत्रें जळूं नयेत म्हणून मार्गांत मुद्दाम बारीक तारेचा तुकडा घालण्याची सूचना केली. अनर्थ व्हावयाचा तो त्या तुकड्यावर व्हावा, ही कल्पना. १८९० सालीं एडिसन यांनीं घरोघरच्या वीजवाटपासाठीं फ्यूजचें पेटंट घेतलें. आपल्याकडील जुन्या घरांत चिनी मातीच्या कटआउटमध्यें जी बारीक तार ओंवीत, ती याच वंशांतली. फ्यूज दिव्याचें किंवा यंत्राचें रक्षण करतो असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तो रक्षण करतो तें तारेचें, आणि तारेच्या द्वारां गाडीचें. म्हणून फ्यूजचा आंकडा ठरवितांना पुढें कोणता दिवा आहे एवढेंच पाहून भागत नाहीं; मधली तार किती प्रवाह न तापतां वाहूं शकेल, तिच्या खालींच तो आंकडा राहिला पाहिजे. जळलेल्या कांचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळून गाडी पुढें दामटणारा मनुष्य फ्यूजचा आंकडा अमर्याद करीत असतो. पुढच्या वेळीं जळण्याचा मान मग सबंध तारेला मिळतो.

खरा बिघाड झाला तो १९५० नंतरच्या दशकांत, आणि तोहि प्रगतीच्या नांवानें. १९५३ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्यें मॅग्नेटो आणि डायनमो दोन्ही काढून त्यांच्या जागीं अल्टरनेटर व कॉइल आलीं. खर्च वांचला, फिरते भाग कमी झाले. इतर कारखान्यांनींहि हळूहळू तीच वाट धरली. परंतु ठिणगी आणि दिवे यांचे निराळे संसार आतां एका बॅटरीवर एकत्र आले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिश गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. जास्तीची वीज झेनर डायोडमधून उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर सोडण्याची व्यवस्था आली. या सर्व व्यवस्थेवर पहारा किती? बॅटरीच्या तारेंत बसविलेला कांचेचा एकच फ्यूज. मागच्या दिव्याची तार चिखलफळीला घांसली, तर तो फ्यूज जाई आणि त्याबरोबर पुढचा दिवा, भोंगा व इंजिन हीं तिन्ही एकाच क्षणीं मरत. मॅग्नेटोच्या काळांतील स्वार अंधारांत निदान चालता राही. या नव्या स्वारापुढें रात्रीं घाटाच्या वळणावर काळोख आणि मागून येणारी मालमोटार, एवढेंच उरे.

त्या फ्यूजवर ३५ अँपिअर हा आंकडा असे, आणि त्यानें आजवर पुष्कळांना फसविलें आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतींत कांचेच्या फ्यूजवर तो तत्काळ वितळण्याचा आंकडा लिहीत. सतत वाहण्याचा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारें १७ अँपिअर. आजच्या चपट्या पात्याच्या फ्यूजवर असतो तो सतत वाहण्याचा आंकडा. जुन्याच्या जागीं त्याच आंकड्याचा नवा फ्यूज घालणारा मनुष्य नकळत पहारा निम्म्यानें कमी करीत असतो. तेथें १५, फार तर २० अँपिअरचा नवा फ्यूज पुरतो.

लूकसला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणविण्याची चाल इंग्रजी स्वारांत आहे. विनोद म्हणून तो ठीक. न्याय म्हणून नाहीं. कंपनी जें करी तें मोटरसायकलीचे कारखाने जेवढी किंमत देत तेवढ्यांत करी, आणि दोन फ्यूज अधिक घालण्याचे पैसे कारखान्यांनाच नको होते. ज्या गाड्यांची देखभाल नीट झाली त्यांच्यावरचीं तीं यंत्रें आजहि चालतांना दिसतात.

भारतांत ही सारी परंपरा आयती येऊन पोंचली. १९५५ सालीं मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एन्फील्ड यांनीं मिळून एन्फील्ड इंडिया स्थापिली आणि बुलेट येथें होऊं लागली. १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला, तरी मद्रासची बुलेट चालूच राहिली, आणि तिच्याबरोबर तिची जुनी वीजहि. म्हैसूरला १९६१ पासून चेक बनावटीची जावा निघूं लागली, तीच १९७३ पासून येझ्दी झाली. या गाड्या दीर्घकाळ ६ व्होल्टवरच चालल्या. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज स्कूटरांची तऱ्हा आणखी निराळी होती. जुन्या स्कूटरांत दिवा थेट इंजिनाच्या विजेवर जळे, त्यामुळें चौकांत गाडी मंदावली कीं प्रकाश पिवळा पडे आणि मूठ पिळली कीं पुन्हां उजळे. तें दृश्य महाराष्ट्रांतील कितीतरी लोकांच्या आठवणींत असेल.

६ व्होल्टचा तोटा कोठें होता, हें थोड्या गणितानें कळतें. ३० वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. तार, स्विच आणि सांधे मिळून केवळ दशांश ओहम विरोध असला, तरी अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. सहांतला अर्धा, म्हणजे बारावा हिस्सा. तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाहून फार वेगानें उतरत असल्यामुळें एवढ्यानेंच चतुर्थांश उजेड जातो. तोच दिवा १२ व्होल्टचा केला, तर प्रवाह अडीच अँपिअर, वाटखर्च पाव व्होल्ट, आणि उजेडाची तूट शेंकडा सातांच्या आसपास. पण १२ व्होल्ट झाले म्हणून लोकांनीं ३० च्या जागीं ६० वॉटचा हॅलोजन बल्ब लावला, तेव्हां तेच ५ अँपिअर त्याच जुन्या स्विचांतून पुन्हां वाहूं लागले! त्यांत दोन भोंगे आणि चार जादा दिवे एकाच तारेला पीळ देऊन जोडले गेले. कोंकणच्या खाऱ्या हवेंत असा उघडा पीळ दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. त्यावर गुंडाळलेली काळी पट्टी ओल बाहेर ठेवण्याऐवजीं आंत कोंडून धरते.

तेव्हां आजचा जाणता मिस्त्री हें काम हातीं घेतो तो आधीं जमाखर्च मांडूनच. अल्टरनेटर जर ६० वॉटच देत असेल, तर ६० वॉटच्या बल्बासाठीं कितीहि जाड तार घातली, तरी बॅटरी रिकामी व्हावयाचीच. तेथें अल्टरनेटर बदलावा, किंवा कमी वीज खाणारा एलईडी दिवा लावावा. मग वांटणी येते. ठिणगीची तार एका फ्यूजवर, पुढचा दिवा दुसऱ्यावर, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा व भोंगा तिसऱ्यावर, आणि बॅटरीच्या तोंडाशीं, शक्य तितक्या जवळ, सर्वांचा वडील असा मुख्य फ्यूज. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेंच संरक्षण नसतें. या वांटणीनें १९५३ पूर्वींचे ते निराळे संसार पुन्हां निराळे होतात. भोंग्याची तार जळली, तर भोंगाच मुका होतो. एक चौरस मिलिमीटरची साधी पीव्हीसी तार सुमारें ८ अँपिअर सुखानें वाहते. तिच्यावर १५ चा फ्यूज बसविणें हें पहारेकऱ्याला झोंपेचें औषध देण्यासारखें आहे. मोठ्या दिव्याला दोन चौरस मिलिमीटरची तार आणि १० चा फ्यूज शोभतो. पात्याचे हे फ्यूज अमेरिकेंत १९७० च्या दशकांत निघाले. त्यांचे रंग ठरलेले आहेत: ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. त्यामुळें वाचतां न येणारा पोऱ्याहि चूक करीत नाहीं.

पेटींत फ्यूजच्या शेजारीं बहुधा एक रिले बसतो. हाहि तारायंत्राच्याच घरचा. १८३० च्या दशकांत जोसेफ हेन्री यांनीं दाखविलें कीं, लांबून येणारा क्षीण प्रवाह विद्युच्चुंबकाकडून एक जोड मिटवूं शकतो आणि त्या जोडांतून ताज्या बॅटरीचा जोरदार प्रवाह पुढें जाऊं शकतो. डाकेच्या टप्प्यावर थकलेला घोडा सोडून ताजा जोडीत, त्या रिवाजाचेंच इंग्रजी नांव या उपकरणाला मिळालें. मोटरसायकलींत त्याचा उपयोग असा, कीं हँडलावरच्या जुन्या स्विचांतून केवळ रिलेपुरता किंचित्‌ प्रवाह जातो, आणि दिव्याचे ५ अँपिअर बॅटरीकडून थेट जाड तारेनें येतात. मूळचा स्विच राहतो आणि उजेडहि मिळतो.

परतीच्या मार्गाची उपेक्षा बहुतेक ठिकाणीं होते. पुढच्या दिव्याचा प्रवाह जुन्या गाडींत हँडलाच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांतून, वंगणांतून, रंगाच्या थरांखालून वाट काढीत परत जातो. एक निराळी तार दिव्यापासून बॅटरीपर्यंत नेली, तर कित्येक गाड्यांचे अर्धे आजार तिथेंच बरे होतात. सांधे डाख लावून करण्यापेक्षां चिमट्यानें दाबून करणें बरें. डाख तारेच्या धाग्यांत पुढें चढतें आणि जेथें तें संपतें तेथेंच इंजिनाच्या कंपनानें तार मोडते. रंगांचेंहि भान ठेवावें लागतें. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडीत आणि लाल तार ही परतीची असे. लाल म्हणजे जिवंत, या संवयीनें हात घालणाऱ्यानें नवा अल्टरनेटर किंवा एलईडी दिवा पहिल्याच दिवशीं जाळल्याचीं उदाहरणें अनेक गॅरेजांत सांपडतील.

जुन्या गाड्यांचे शौकीन या सर्वांस आक्षेप घेतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. कारखान्यांतून जी वस्तु जशी निघाली तशी ती राहिली, तरच ती इतिहासाचा पुरावा ठरते. पात्याचे फ्यूज घातलेली १९५६ ची बुलेट हा कशाचा पुरावा, असा त्यांचा सवाल आहे. जी गाडी संग्रहालयांत उभी राहावयाची आहे, तिच्यापुरता तो रास्त आहे. जी गाडी रात्रीं रस्त्यावर जावयाची आहे, तिच्यावरचा मनुष्य पुराव्याहून मोलाचा. शिवाय दोहोंचा मेळ घालणें अवघड नाहीं. सुती विणीच्या कवचांत नव्या आवरणाची तार आतां तयार मिळते. फ्यूजपेटी बुलेटच्या बाजूच्या डब्यांत बॅटरीशेजारीं झांकून ठेवतां येते. आणि दिव्याच्या टोपणावरचा जुना अँमीटर जागचा न हलवितां तसाच चालूं देतां येतो. काढलेलें मूळ वायरिंग फेंकून न देतां, प्रत्येक टोंकाला चिठ्ठी बांधून, गाडीच्या कागदांबरोबर ठेवण्याची पद्धत कांहीं मिस्त्रींनीं पाडली आहे. नव्या पेटीच्या झांकणावर आंतल्या बाजूनें कोणता फ्यूज कशाचा हें लिहिलेला कागद चिकटवितात, आणि त्याच्याशेजारीं प्रत्येक रंगाचा एकेक जादा फ्यूज.